बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं अपडेट: घ्यायचं कधी आणि वाचायचं काय

नमस्कार. मी मिरजेत एका करसल्लागारांच्या ऑफिसात काम करते. टॅली, रिटर्न, क्लायंटचे कागद स्कॅन करून ठेवणं आणि ऑफिसातले पाच कॉम्प्युटर सांभाळणं, सगळं माझ्याकडेच आहे, कारण दुसरं कुणी नाही. सरांनी काही वर्षांपूर्वी बॅकअपचं एक सॉफ्टवेअर विकत घेतलं. रोज रात्री सर्व्हरवरचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर जातो. मागच्या वर्षी एएमसीवाल्या (कॉम्प्युटरच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट असलेल्या) मुलाने 'अपडेट' दाबलं आणि त्यानंतर बरेच दिवस बॅकअप झालेच नाहीत. एका क्लायंटची फाइल चुकून उडाली तेव्हा आम्हाला हे कळलं. ती क्लायंटकडूनच परत मिळाली म्हणून निभावलं. तेव्हापासून पुण्यात आयटीत असलेला माझा भाचा म्हणतो, 'मावशी, चालतंय ना? मग हात लावू नकोस.' एएमसीवाले म्हणतात, अपडेट घेतलं नाहीत तर आमची जबाबदारी नाही. आता रोज सकाळी पॉप-अप येतो: नवीन व्हर्जन उपलब्ध आहे. मधली दोन-तीन व्हर्जन्स आम्ही सोडली. माहिती बघायला गेलं की इंग्रजीत लांबलचक यादी उघडते, 'फिक्स्ड ॲन इश्यू व्हेअर...' अशी. त्यातलं मला काय लागू आहे ते समजत नाही. अपडेट घेऊ का? घेतलं तर जुने बॅकअप उघडतील का? आणि कोपऱ्यात विंडोज ७ चा एक कॉम्प्युटर पगारपत्रकाच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलाय, त्यावरही हेच सॉफ्टवेअर आहे. त्याचं काय करू?
एक वाचक, मिरज

ताई, घ्या अपडेट. फक्त दोन अटी आहेत. रिटर्न भरायच्या मुदतीच्या आठवड्यात घ्यायचं नाही, आणि घेतल्यावर एक फाइल परत आणून उघडून बघितल्याशिवाय काम झालं असं समजायचं नाही. सॉफ्टवेअरचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं होतं. ते इथे मुद्दाम गाळलंय, कारण पुढचं सगळं या प्रकारच्या बहुतेक सॉफ्टवेअरला लागू पडतं.

भाच्याचा नियम प्रिंटरच्या ड्रायव्हरला ठीक आहे. प्रिंटर चालतोय की नाही ते कागद बाहेर आला की दिसतं. टॅली चालत नसेल तर सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या बोंब होते. बॅकअप चालतोय हे मात्र कशावरून ठरवायचं? मागच्या वर्षी त्या दिवसांत तुमच्या स्क्रीनवर लाल काही दिसलं असतं, तर तुम्हाला तेव्हाच कळलं असतं. एएमसीवाल्यांचंही मला पटत नाही. बटण दाबणं हे कामाचं पहिलं पाऊल झालं. दुसऱ्या दिवशी फोन करून 'रात्रीचा बॅकअप झाला का' विचारायला त्यांना काय धाड भरली होती? वर जबाबदारीची भाषा. असो. माझा अंदाज असा की या दोघांपैकी कुणीच ती यादी वाचलेली नाही. तुम्ही निदान उघडून बघितलीत.

त्या यादीपासूनच सुरू करू, कारण सगळ्यात जास्त माल तिथेच आहे.

नव्या व्हर्जनसोबतची यादी बहुतेक लोक जाहिरातीसारखी चाळतात. मी ती मागच्या व्हर्जनबद्दलची कबुली म्हणून वाचतो. 'अमुक परिस्थितीत काही फाइली बॅकअपमध्ये येत नव्हत्या, ते दुरुस्त केलं' असं लिहिलं असेल, तर त्या फाइली कालपर्यंत येत नव्हत्या. आणि कालपर्यंतचे सगळे बॅकअप तुमच्या त्या हार्ड डिस्कवर पडलेत. नवं व्हर्जन उद्याचा बॅकअप नीट घेईल, आधीच्यांना ते हात लावणार नाही. दुकानदाराने काटा दुरुस्त करून आणला, म्हणून काल कमी तोललेली साखर आज पुरी भरत नाही.

याचं मोठं उदाहरण २०१४ सालचं आहे. व्हीएमवेअर कंपनीचं ईएसएक्सआय हे मोठ्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. एका यंत्रावर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवायचं काम ते करतं. त्यात 'चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग' नावाची सोय आहे: मागच्या बॅकअपनंतर डिस्कचा कुठला कुठला भाग बदलला याची यादी ती बॅकअपच्या सॉफ्टवेअरला देते, म्हणजे रोज सगळी डिस्क वाचावी लागत नाही. २०१४ मध्ये असं उघड झालं की आभासी डिस्क वाढवून १२८ जीबीच्या पुढे नेली असेल, तर ही यादी चुकीची येऊ शकते. बदललेले काही भाग तिच्यात नसायचेच. बॅकअपचं सॉफ्टवेअर बिचारं दिलेल्या यादीप्रमाणे काम करायचं आणि रोज रात्री 'यशस्वी' म्हणून सांगायचं. हा दोष कालपरवाचा नव्हता, ईएसएक्सआयच्या ४ आणि ५ या दोन्ही पिढ्यांत होता. दुरुस्ती आली, पण तेवढ्याने काम भागत नव्हतं. ज्यांच्या डिस्क अशा वाढवलेल्या होत्या त्यांना ती सोय एकदा बंद करून पुन्हा सुरू करायची होती आणि नव्याने पूर्ण बॅकअप घ्यायचा होता. जुन्या साखळीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

साखळी म्हणतोय ती तुमच्या हार्ड डिस्कवरही आहे. रोज रात्री सगळा डेटा नव्याने कॉपी होत नाही. एकदा पूर्ण बॅकअप होतो, त्याला फुल म्हणतात. मग रोज फक्त बदललेलं तेवढं जातं, ते इन्क्रिमेंटल. गुरुवारची स्थिती परत आणायची असेल तर फुल, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार हे सगळे लागतात. मंगळवारच्या फाइलला भोक असेल तर बुधवार आणि गुरुवार शाबूत असूनही उपयोगाचे नाहीत. बऱ्याच ऑफिसात फुल बॅकअप सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी एकदाच झालेला असतो आणि पुढची सगळी वर्षं त्यावर इन्क्रिमेंटल चढत राहतात. तुमच्याकडे काय आहे ते आधी बघा. सेटिंगमध्ये फुल बॅकअप कधी-कधी होतो हे लिहिलेलं असतं.

म्हणून यादी वाचताना मी बटणांचे रंग, भाषांतरं, आपण वापरत नसलेल्या क्लाउडची नावं, लिनक्स आणि मॅकच्या ओळी सरळ सोडतो. नजर चार-पाच शब्दांवर ठेवायची. 'स्किप्ड' किंवा 'नॉट इन्क्लूडेड' दिसलं तर काहीतरी राहून जात होतं. 'करप्ट', 'इन्कन्सिस्टंट', 'व्हेरिफिकेशन' दिसलं तर घेतलेलं बिघडत होतं. 'रिस्टोअर फेल्स' म्हणजे घेतलेलं परत येत नव्हतं. 'सायलेंटली' दिसलं की खुर्ची पुढे ओढून बसायचं, कारण त्याचा अर्थ चूक होत होती आणि सॉफ्टवेअर गप्प बसत होतं. अशा ओळीत पुढे 'व्हेन' किंवा 'इफ' येतं. मोठ्या फाइली असतील तर, पासवर्ड लावला असेल तर, नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये असेल तर. ती अट तुमच्या ऑफिसला बसते का, एवढंच ठरवायचं. बसत असेल, तर अपडेट घेतल्यावर पहिल्याच रात्री नवा फुल बॅकअप. खरं तर बसत नसली तरी मी तोच सल्ला देईन, पण बसत असेल तर त्यात तडजोड नको. मधली जी व्हर्जन्स तुम्ही सोडलीत त्यांच्या याद्याही वाचायच्या, कारण नव्या व्हर्जनसोबत बऱ्याचदा फक्त शेवटच्या टप्प्याचीच यादी दाखवतात. जुन्या कंपनीच्या साइटवर मिळतात.

काही कंपन्या 'बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स' एवढी एकच ओळ लिहून मोकळ्या होतात. गाण्याच्या ॲपने तसं केलं तर चालेल. बॅकअप विकणाऱ्याने तसं करणं मला उद्धटपणा वाटतो. तुमच्या कंपनीने लांबलचक यादी दिलीय ही जमेची बाजू समजा.

तुमच्यासारख्या ऑफिसात हमखास लागू होणारी एक अट सांगतो: लांब नावं. क्लायंटच्या नावाचा फोल्डर, त्यात आर्थिक वर्ष, त्यात 'नोटीस आणि उत्तरं', त्यात स्कॅन केलेल्या फाइलीचं ऐसपैस मराठी नाव. विंडोजमध्ये अशा पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. नवे प्रोग्रॅम ती ओलांडू शकतात, पण सगळे ओलांडतातच असं नाही. बॅकअपच्या सॉफ्टवेअरांच्या याद्यांत 'लाँग पाथ'ची ओळ वारंवार दिसते ती यामुळे. पुढेमागे सरांनी नेटवर्कवरची स्टोरेजची पेटी घेतली, तर आणखी एक गंमत. त्या बहुतेक आतून लिनक्सवर चालतात आणि तिथे एका फाइलीच्या नावाला साधारण २५५ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे पंच्याऐंशी चिन्हांत नाव संपवायचं. क्लायंटच्या कुलवृत्तान्तासारखी नावं देणाऱ्यांना ही बातमी सांगून ठेवा.

आता मागच्या वर्षी काय झालं असावं ते. रात्रीचा बॅकअप विंडोजमधल्या एखाद्या युजरच्या नावाने आणि पासवर्डने चालतो. अपडेट बसताना सॉफ्टवेअरची 'सर्व्हिस', म्हणजे पडद्यामागे चालणारा भाग, नव्याने नोंदवली जाते. तो पासवर्ड पुन्हा मागितला आणि कुणी दिला नाही, किंवा शेड्यूल बंद अवस्थेत राहिलं, की झालं. 'बॅकअप फसला' असा निरोपही येत नाही, कारण बॅकअप सुरूच झालेला नसतो. तुमच्याकडे हेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण अपडेटनंतर बॅकअप बंद पडण्याची ही नेहमीची वाट आहे, आणि नव्या अपडेटनंतर पहिली तपासणी इथेच करा.

यावरून गिटलॅबची गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रोग्रॅमर लोकांचा कोड सांभाळणारी ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने दुसऱ्याच सर्व्हरवर आहोत असं समजून मुख्य डेटाबेसचा फोल्डर उडवायला सुरुवात केली. चूक लक्षात येऊन हात थांबवला तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअप आणा म्हटल्यावर बॅकअपच्या जागी काहीच सापडेना. कारण बघा: त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरच्या ९.६ व्हर्जनवर गेला होता, आणि बॅकअप घेणारं साधन मात्र ९.२ चं चालत होतं. जुन्या साधनाला नवा डेटाबेस चालेना, ते रोज सुरू होऊन रोज चूक दाखवून बंद पडत होतं. चूक झाल्याचं कळवणारा ईमेल जायची सोय होती, पण त्या ईमेलवर लागणारी डिजिटल सही नव्हती, म्हणून समोरचा मेल सर्व्हर ते परत फिरवत होता. सुटका झाली ती योगायोगाने. सुमारे सहा तास आधी एकाने वेगळ्याच कामासाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. मधल्या तासांतला डेटा गेला तो गेलाच: अंदाजे पाच हजार प्रोजेक्ट, पाच हजार टिप्पण्या, सातशे नवी खाती. कंपनीने हे सगळं लपवलं नाही. दुरुस्तीचं काम लोकांना थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल लिहिला, म्हणून तर आपल्याला इतकं कळतं.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, मूळ प्रोग्रॅम पुढे गेला आणि बॅकअपवाला मागे राहिला तरी बॅकअप बंद पडतो. म्हणजे भाच्याच्या नियमाने तुम्ही बॅकअपच्या सॉफ्टवेअरला हात लावला नाहीत, तरी विंडोज पुढे सरकतंय, टॅली पुढे सरकतंय. हात न लावलेली वस्तू जागच्या जागी राहत नाही. दुसरी, फसल्याचाच तेवढा ईमेल मागवू नका. झाल्याचाही मागवा. रोज सकाळी सरांच्या किंवा तुमच्या मेलवर 'बॅकअप पूर्ण, एवढ्या फाइली, एवढे जीबी' असं आलं पाहिजे. ज्या दिवशी आलं नाही त्या दिवशी चहाच्या आधी कारण शोधायचं. आणि आकडाही बघायचा. रोज दीड-दोन जीबी जाणारा बॅकअप एकदम काही एमबीवर आला, तर कुणीतरी फोल्डर हलवलाय किंवा सॉफ्टवेअरने काहीतरी वगळलंय.

आता अपवाद, जिथे मुदतीचा आठवडा असला तरी थांबायचं नाही. यादीत 'सिक्युरिटी', 'व्हल्नरेबिलिटी' किंवा 'सीव्हीई' (सुरक्षेच्या दोषांची नोंद) आणि पुढे वर्ष व क्रमांक असं दिसलं, तर ते एक-दोन दिवसांत बसवायचं. बॅकअपच्या सॉफ्टवेअरकडे सगळ्या कॉम्प्युटरच्या किल्ल्या असतात. खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करणाऱ्या टोळ्या आधी बॅकअपच गाठतात, कारण बॅकअप शाबूत असेल तर पैसे कोण देणार? वीम या मोठ्या कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०२४ साली असा एक दोष सापडला, सीव्हीई-२०२४-४०७११. गांभीर्य १० पैकी ९.८. दुरुस्ती सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर झाली. ऑक्टोबरात सोफॉस या सुरक्षा कंपनीने सांगितलं की अकिरा आणि फॉग या नावांच्या रॅन्समवेअरचे हल्लेखोर त्याच दोषाचा फायदा घेताना दिसतायत. दुरुस्ती बाहेर येऊन महिनाभर झाल्यावरही ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांचं दार उघडंच होतं.

एक-दोन दिवस म्हणालो, एक-दोन तास नाही, त्यालाही कारण आहे. आरसिंक हे फाइली कॉपी करण्याचं जुनं, भरवशाचं साधन. स्टोरेजच्या कित्येक पेट्यांमध्ये आतून तेच काम करतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचं ३.४.० आलं, त्यात सहा सुरक्षा दोष बुजवले होते. लगोलग ३.४.१ आणावं लागलं, कारण घाईघाईच्या दुरुस्तीत नवी मोडतोड झाली होती. एक रात्र थांबलेल्यांचं काही बिघडलं नाही.

नव्या सोयी, नवा चेहरामोहरा आणणारं मोठं व्हर्जन असेल, म्हणजे ठिपक्याच्या आधीचा आकडा बदललेला असेल, तर मात्र खुशाल महिना-दोन महिने थांबा. पहिले फटके दुसऱ्यांना खाऊ दे.

तुमचा दुसरा प्रश्न इथेच येतो: जुने बॅकअप उघडतील का? बहुतेक वेळा नवं व्हर्जन जुने बॅकअप वाचतं. उलटं मात्र होत नाही. नव्याने लिहिलेलं जुन्याला कळत नाही. रेस्टिक नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनाने २०२२ मध्ये ०.१४ व्हर्जनमध्ये साठवणीचा नवा साचा आणला. त्यात डेटा दाबून लहान करता येतो, पण त्या साच्यातलं आधीच्या रेस्टिकला वाचता येत नाही. टॅलीप्राइम ३.० ला कंपनीचा डेटा मायग्रेट करायला, म्हणजे नव्या साच्यात बदलून घ्यायला लागला होता, तो प्रकार तुम्हाला ठाऊक असेलच. म्हणून परतीची वाट ठेवा. आत्ता चालू असलेल्या व्हर्जनची इन्स्टॉलरची फाइल आणि लायसन्सची की एका पेनड्राइव्हवर घेऊन सरांच्या कपाटात ठेवा. नवं घेतल्यावर जुन्या साखळीला दोन-तीन महिने हात लावू नका. नवा फुल बॅकअप दुसऱ्या हार्ड डिस्कवर सुरू करा. डिस्कच्या किमतीवरून सर कुरकुरले, तर त्यांनाच वस्तू व सेवा कर कायद्याचं कलम ३६ दाखवा. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब ठेवायचे असतात. २०२३-२४ चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ ला द्यायचं होतं, म्हणजे त्या वर्षाचे हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत काढून दाखवता आले पाहिजेत. तोवर हे बॅकअपचं सॉफ्टवेअर असेल का, कंपनी तरी असेल का? नॉर्टन घोस्ट हे डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर एके काळी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत सगळ्यांच्या हातात असायचं, ते २०१३ मध्ये बंद झालं. मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअपच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्तीही अशीच थांबली. त्यामुळे वर्ष संपलं की त्या वर्षाच्या पीडीएफ, स्कॅन आणि टॅलीच्या स्वतःच्या 'बॅकअप' पर्यायाने काढलेली फाइल, हे सगळं एका साध्या डिस्कवर साध्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवत चला. ती डिस्क वाचायला बॅकअपचं कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही.

प्रत्यक्ष अपडेटचा दिवस शनिवार दुपारचा ठेवा. रात्रीचा बॅकअप चालू नाही ना, हे आधी बघा आणि शेड्यूल थांबवून ठेवा. 'चालू असताना बदललं तर काय होतंय' असं एएमसीवाला म्हणाला, तर त्याला जपानच्या क्योटो विद्यापीठाचं सांगा. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपची स्क्रिप्ट (आज्ञा लिहिलेली फाइल) चालू असतानाच पुरवठादाराच्या माणसांनी तिच्या जागी सुधारलेली स्क्रिप्ट ठेवली. चालू असलेला प्रोग्रॅम अर्ध्यावरून नव्या फाइलीतल्या ओळी वाचू लागला, फोल्डरचं नाव जिथे हवं तिथे काहीच नव्हतं, आणि जुन्या नोंदी पुसणारी आज्ञा संशोधकांच्या फाइली पुसत सुटली. ७७ टीबी, तीन कोटी चाळीस लाखांच्या आसपास फाइली, चौदा संशोधन गट. त्यातल्या चार गटांचा डेटा परत आणता आलाच नाही. बॅकअप सुधारायला गेले होते हो ते.

सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलवर काढून घ्या: कुठले फोल्डर, किती वाजता, कुठल्या युजरच्या नावाने, किती दिवस ठेवायचे. मग अपडेट, मग कॉम्प्युटर बंद-चालू, मग फोटो समोर धरून पान न् पान ताडून बघणं. शेड्यूल पुन्हा सुरू करायचं आणि रात्रीची वाट न बघता फुल बॅकअप तिथेच चालू करायचा. टॅली सगळ्या कॉम्प्युटरवर बंद असू दे. फुल बॅकअप संपला की परत आणून बघायचं. एका क्लायंटचा टॅलीचा फोल्डर आणि मराठी नावाचे चार-दोन स्कॅन, सर्व्हरवर न आणता दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये आणा. टॅलीत उघडा, बँकेची आणि रोकडीची शिल्लक मूळ डेटाशी जुळवा. स्कॅन उघडतात का बघा. हे जमलं की रजिस्टरमध्ये तारीख, व्हर्जनचा आकडा आणि कुठली फाइल परत आणली ते लिहून एएमसीवाल्या मुलाची सही घ्या. जबाबदारीचा विषय त्यांनीच काढलाय.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तेव्हा वापरायचा रेस्क्यू पेनड्राइव्हही त्याच दिवशी नव्याने बनवा आणि त्यावरून एकदा सर्व्हर सुरू करून बघा. नवा बनवला म्हणजे चालेलच असं धरून चालू नका. ११ जानेवारी २०२२ चं विंडोज अपडेट घेतल्यावर विंडोजच्याच 'बॅकअप अँड रिस्टोअर' मधून नव्याने बनवलेल्या रिकव्हरी सीडी-डीव्हीडी सुरू होतीलच असं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने नंतर ते दुरुस्त केलं, पण मधल्या काळात गरज पडलेल्याला त्याचा काय उपयोग? आणि बॅकअप झाला की हार्ड डिस्क सर्व्हरपासून काढायची सवय लावा. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला सर्व्हरचाच एक भाग वाटते. दोन डिस्क आलटून पालटून वापरा, एक सरांच्या घरी. मिरजेत राहता, २०१९ चा पूर बघितलाय. दुसरी डिस्क त्याच इमारतीच्या तळमजल्यावर ठेवू नका, हे मी वेगळं सांगायला नको.

राहिला विंडोज ७ चा कॉम्प्युटर. त्यावर नवं व्हर्जन बसवायच्या फंदात पडू नका. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा पाठिंबा थांबवला आणि त्यानंतर बॅकअपच्या बऱ्याच सॉफ्टवेअरांनीही. अपडेटच्या आधी 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स' बघा. विंडोज ७ चं नाव नसेल तर इन्स्टॉलर एकतर नकार देईल किंवा अर्धवट बसून जुनंही बंद पाडेल. त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढा. आहे त्याच जुन्या व्हर्जनने पूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) दोन वेगवेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्या व्हर्जनचा इन्स्टॉलर व रेस्क्यू पेनड्राइव्ह सोबत ठेवा. पगारपत्रकं वर्षवार छापून पीडीएफ करून घ्या, म्हणजे उद्या ते यंत्र बसलं तरी निदान आकडे हाताशी राहतील. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात डिस्क-टू-व्हीएचडी नावाचं छोटं फुकट साधन आहे. त्याने चालू कॉम्प्युटरची अख्खी डिस्क एका फाइलीत उतरवता येते आणि ती फाइल नव्या यंत्रावर आभासी कॉम्प्युटर म्हणून चालवता येते. लायसन्स आणि ड्रायव्हरची थोडी झटापट होईल, आणि जुना प्रोग्रॅम डोंगल (कॉम्प्युटरला लावायची लायसन्सची किल्ली) मागत असेल तर जास्त होईल. हे काम एएमसीवाल्यांना देऊ नका. दिवाळीला भाचा मिरजेत आला की त्याच्यासमोर ते यंत्र ठेवा. हात लावू नकोस म्हणणाऱ्याला एक दुपार पुरेल एवढं काम आहे त्यात.